माळकरी मुंगूस

उमापूर, कार्तिक वद्य ५, शके १८३३

सुग्रीवबुवा यांस,

धाकट्या भावाला बुवा लिहिताना हात अडतो. पण तुझी पत्रं आधी शिष्य वाचतात आणि मग तुला वाचून दाखवतात असं ऐकलं, म्हणून त्यांच्यासाठी लिहिलं. इथून पुढं नुसता सुग्रीव.

काल तुझा रामकिसन नावाचा शिष्य आला. गाडी वेशीतच थांबवली होती. ओट्यावर टोपली ठेवली, पाणीसुद्धा प्यायला नाही. म्हणाला, "बुवांचा निरोप हाय. भक्तराज जरा थकलेत. हवापालट म्हणून तुमच्याकडं. दुधावर ठिवा." आणि गेला. टोपलीत जरीकाठी उपरण्याखाली तुझं मुंगूस होतं.

थकलेत म्हणे. थकलेले बैल मी जन्मभर पाहिले आहेत. रात्रभर वैरण खाल्ली की सकाळी उभे राहतात. याच्या हिरड्या चुन्यानं सारवल्यासारख्या पांढऱ्या आहेत. पापणी खाली ओढून पाहिली, आतही तोच रंग. उचललं तर हाताला वजन लागत नाही. शेपटीची जुनी केरसुणी झाली आहे. अंगणात उन्हाची तिरीप सरकते तसं ते मागचे पाय ओढत तिच्यामागं सरकतं, आणि ऊन गेलं की चुलीच्या राखेत जाऊन बसतं. गळ्यात मात्र तुळशीची माळ आहे. तीसुद्धा सैल झाली आहे.

हे पत्र वाचणारा शिष्य नवा असेल तर त्याला ठाऊक असावं म्हणून लिहितो. बाबा रे, तुझ्या बुवाला हे पिल्लू आमच्या विहिरीचा गाळ काढताना कपारीत सापडलं. डोळे उघडले नव्हते. बुवाच्या वहिनीनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं. आमचं घर माळकऱ्यांचं. अंडं, मांस उंबऱ्याच्या आत येत नाही. पण मुंगूस मोठं झाल्यावर बांधाबांधानं हिंडायचं, उंदीर, सरडे, काय मिळेल ते खायचं आणि मिशा पुसून दूधभाताला घरी यायचं. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलत नव्हतं. मग बुवाला कीर्तनाचा नाद लागला. गळा बरा, उंची बरी, पण ऐकायला माणूस जमेना. तेव्हा त्यानं मुंगसाच्या गळ्यात माळ घातली, कमरेला दोरी बांधून शिकार बंद केली, आणि लोकांना सांगितलं की या जीवानं आपणहून मांस सोडलं. गेवराईच्या कीर्तनात त्याच्यापुढं अंडं ठेवलं होतं. मी तिथं होतो. त्याआधी त्याला बासुंदीनं गळ्यापर्यंत भरलं होतं, हेही मी पाहिलं होतं. त्यानं अंड्याकडून तोंड फिरवलं. बायका रडल्या. पुरुषांनी लोटांगणं घातली. त्या दिवसापासून सुग्रीवचा सुग्रीवबुवा झाला आणि मुंगसाचा भक्तराज.

तुझ्या वहिनीनं टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "भावजी सोता नाचले, तेवढं पुरं होतं. ह्या मुक्या जीवाला कावून नाचीवलं?" याचं उत्तर तू लिहून पाठव.

शहादेव


उमापूर, मार्गशीर्ष वद्य २

सुग्रीव,

अंगाऱ्याची पुडी आणि तीर्थाची बाटली पोचली. तू लिहितोस, अंगारा कपाळी लावा, तीर्थ जिभेवर घाला आणि एकादशी मोडू देऊ नका. ज्याला पाणी गिळताना धाप लागते त्याला तू एकादशी सांगतोस. तुझ्या पोटावर हल्ली उपरणं पुरत नाही असं रामकिसन कौतुकानं सांगत होता. एकादशी तिथून सुरू कर.

तुझ्या सांगण्याप्रमाणं आधी दूधच दिलं. प्यायलं आणि ओकलं. भात मऊ करून दिला, त्यावर बसून राहिलं. पाटलांच्या वैद्यानं लोहाराच्या भट्टीतला जुना लोखंडी गंज गोमूत्रात उगाळून द्यायला सांगितला. त्यानं जीभ काळी झाली, हिरड्या पांढऱ्याच राहिल्या. अंगात पिसवा होत्या, त्या करंजाचं तेल लावून फणीनं काढल्या. त्यांचंही पोट याच्याच रक्तावर चाललं होतं. तुझ्यासारख्याच म्हणायच्या.

मग टोपली घेऊन गेवराईला गेलो. तिथं दाऊदमियां म्हणून म्हातारा सलोत्री राहतो. मोमिनाबादच्या रिसाल्यात घोड्यांची दवा करायचा. मिशा अजून रिसाल्यातल्याच आहेत. त्यानं टोपली उघडली आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्याच्या अंगणात केर टाकला.

"ये क्या लाया बे? मैं घोड्यां देखता. चूहे नईं देखता."

मी म्हणालो, "मुंगूस हाय."

"वो मेरेकू बी दिखता." त्यानं दोन बोटांनी जबडा उघडला, ओठ वर केला, आणि मग आवाज खाली आला. "इसमें खून किधर है? क्या खाता?"

"दूधभात."

"और?"

"बासुंदी."

म्हातारा इतका हसला की खोकला लागला. मग गळ्याकडं बोट केलं. "और ये क्या है? लगाम?"

मी माळ उपरण्याखाली सारली. भावाच्या कीर्तीची अब्रू राखायचा तो शेवटचा प्रसंग होता.

"कलेजी दे," तो म्हणाला. "बकरे की, कच्ची. बारीक करके. अंडा दे."

"मियां, आमी माळकरी हाव."

"तू है ना?" त्यानं टोपलीवर थाप मारली. "ये कब हुआ?"

सुग्रीव, तुझ्या इतक्या कीर्तनांत हा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारला तो एका बढाईखोर घोडेवैद्यानं. त्याचा मोठेपणाही सांगून टाकतो. त्यानं घोड्याला द्यायची सुपारीएवढी गोळी बांधून दिली आणि म्हणाला, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. ती मुंगसाच्या डोक्याएवढी होती. येताना ओढ्यात टाकली. शहाणी माणसं आपल्या जिल्ह्यात कमी आहेत, अर्धवट शहाण्यांवरच भागवावं लागतं.

आता ते काय खातं हे विचारू नकोस. तुझा भक्तराज जिवंत आहे एवढं पुरे. त्याच्या गळ्यातली माळ मी काढली आहे. मानेला घासत होती.

शहादेव


उमापूर, माघ शुद्ध १२

सुग्रीव,

तुझं पत्र आणि त्यामागोमाग रामकिसन, दोघं एकाच दिवशी आले. मोमिनाबादेस सप्ताह मांडला आहे, काल्याच्या कीर्तनाला भक्तराज हवेत, लांबून माणसं येणार, तेव्हा टोपली ताबडतोब द्यावी. जनावर कसं आहे, हे पत्रात कुठं विचारलेलं दिसलं नाही. मी दोनदा वाचलं.

रामकिसन घरी न थांबता सरळ शेतातल्या गोठ्यावर आला आणि नको ते पाहिलं. तो तुला तिखटमीठ लावून सांगेल, त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

बाजाराच्या दिवशी मी खाटकाकडून कलेजी आणतो. पळसाच्या पानात बांधून, वरून शेपूची जुडी ठेवून. घरात नेत नाही. गोठ्यात येतो, गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवतो, विळ्यावर कलेजी चिरतो, अंड्याचा बलक घालून बोटांनी कुस्करतो. पहिल्या दिवशी तोंड फिरवलं. नाक दाबून बोट पुढं केलं. त्यानं वास घेतला, आणि अंगात कुठं होता नव्हता तेवढा जीव एकवटून माझ्या बोटाला जी मिठी मारली, सुग्रीव, ती तुझ्या भक्तांपैकी कोणी तुझ्या पायाला मारली नसेल. नंतर विहिरीवर अंघोळ करून माळ घालतो आणि घरी जातो. थोडं थोडं द्यावं लागतं. एकदम दिलं तर ओकतं.

अंडी आपली साखराबाई देते. वाड्याबाहेरच्या गल्लीतली, कोंबड्यांची. मी पहिल्यांदा गेलो तर पदराखाली हसली. म्हणाली, "दादा, लाजू नगा. अंडं माझ्या कोंबडीचं, पाप बी माझ्या कोंबडीचं. न्या तुमी."

तुझ्या वहिनीला मी काही सांगितलं नव्हतं. एक दिवस ती भाकरी घेऊन गोठ्यावर आली. विळा पाहिला, मुंगूस पाहिलं, त्याच्या तोंडाला लागलेलं पाहिलं. मी म्हटलं आता घर सोडावं लागतंय. तिनं त्याचा ओठ वर करून पाहिला आणि म्हणाली, "गुलाबी व्हतंय की हो." मग दुसऱ्या दिवसापासून विळा वेगळा ठेवला आणि त्याला बाळ्या म्हणायला लागली. भक्तराज हे नाव या गोठ्यात कोणी घेत नाही.

तर रामकिसननं हे सारं पाहिलं. "राम राम राम," म्हणून कानाला हात लावले आणि टोपलीकडं वाकला. बाळ्यानं त्याचा अंगठा फोडला. मला वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही. तो तसाच रक्त गाळत मारुतीच्या देवळात गेला. तिथं आपलाही सप्ताह चालू होता आणि वीणा माझ्या खांद्यावर घ्यायची वेळ होत आली होती.

तुला वीणेचं काय वाटतं मला ठाऊक नाही. तू कायम मध्यभागी उभा. मी गावातला साधा माणूस, मला बोलता येत नाही, गळा नाही. वर्षातून एकदा वीणा खांद्यावर घेऊन उभं राहायचं, पुढचा माळकरी येईपर्यंत ती जमिनीला टेकू द्यायची नाही, नाव घेत राहायचं. माझ्याकडं देवाला द्यायला एवढंच होतं. मी वीणा घेऊन उभा होतो तेव्हा अर्जुनराव पाटील समोर आले.

"शादेव, हा पोरगा म्हनतो ते खरं हाय का?"

"खरं हाय."

"कलेजी? तुज्या हातानं?"

"माझ्या हातानं. त्याला हात न्हाईत."

मागं कोणीतरी हसलं. पाटील हसले नाहीत. "हे बघ, एक तर ते जनावर भावाला दिऊन टाक आन् माळ ठिव. न्हाई तर माळ उतरव. दोनी कसं चालंल?"

माणूस वाईट नाही. त्यांनी मला वाट काढून दिली होती. जनावर तुला दिलं असतं तर मी आजही पंगतीत असतो, आणि ते काल्यापर्यंत जगलं असतं किंवा नसतं. मला फार वेळ लागला नाही. विचार करायची सवय आहे, म्हणून तो आधीच करून ठेवला होता. देवानं त्याला दात दिले तेव्हा माझा सल्ला घेतला नव्हता, तुझा तर नाहीच. मी शेजारच्या विठ्ठलरावांना जवळ बोलावलं, वीणा त्यांच्या खांद्यावर दिली, आणि गळ्यातली माळ काढून देवापुढं ठेवली. टाळ थांबले नाहीत, ते बरं झालं.

टोपली मिळणार नाही. काल्याला दुसरं काहीतरी नाचव.

शहादेव


उमापूर, फाल्गुन वद्य १०

तू लिहिलंस की मी धर्मबुडवा आहे, तू माझ्या घरचं पाणी पिणार नाहीस, आणि आईवडिलांच्या श्राद्धाला मला हात लावू देणार नाहीस. तीन ओळींत एवढं बसवलंस. कीर्तनात तर एका ओळीला दोन तास घेतोस.

बाळ्या बरा झाला असं मी लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर खोडून वाच. होळीच्या आधी एकाएकी उभ्या उभ्या टक लावून बघायला लागला, तोंडातून लाळ, आणि आडवा. पाय हवेत मारत होता. तुझ्या वहिनीनं गुळाचं पाणी करून हिरड्यांना चोळलं. बऱ्याच वेळानं डोळ्यांत ओळख आली. दाऊदमियांला विचारून आलो. तो म्हणाला, आतून काहीतरी बिघडलेलं आहे, ते जाणार नाही. रक्त भरेल, पुन्हा उतरेल, पुन्हा भरायचं. "रोज का काम है," म्हणाला. या खेपेस गोळी दिली नाही. कदाचित त्यालाही कळलं असावं.

तेव्हा रोजचं काम चाललं आहे. हिरड्या बघायच्या. पांढऱ्या दिसल्या तर कलेजी वाढवायची, गुलाबी असल्या तर कमी करायची. पोट रिकामं राहू द्यायचं नाही. गुळाची ढेकळी कनवटीला बांधून हिंडतो, लोक हसतात. सकाळी ऊन येईल तिथं गोणपाट टाकायचं. तो आता मागचे पाय ओढत नाही, पण पळतही नाही. बांधापर्यंत येतो, बसतो, माझ्याकडं बघतो. मी नांगर धरलेला असला तरी थांबून त्याला उचलून आणावं लागतं. तेवढ्यात बैलांना विश्रांती मिळते.

देवळात जातो. बाहेरच्या पायरीवर बसतो. नाव तिथूनही घेता येतं, ऐकू जातं की नाही हे ज्याचं त्यानं पाहावं.

शहादेव


उमापूर, वैशाख शुद्ध ४, शके १८३४

सुग्रीव,

आपल्या गावचा उत्तरेश्वर कापूस घेऊन मोमिनाबादेस गेला होता. परत आला तो सरळ माझ्या गोठ्यावर. दारातच थबकला, गोणपाटाकडं पाहत राहिला.

"दादा, हे कोन?"

"बाळ्या. तू ओळखतोस की."

"बुवांचं मुंगूस?"

"हा."

त्यानं गोणपाटापुढं बसकण मारली. "आरं, याची तर समाधी बांधलीय तिकडं! मी नारळ फोडून आलो!"

मग त्यानं सगळं सांगितलं. तुझ्या मठीमागं चौथरा बांधला आहे, वर शेंदरी वस्त्र. तू कीर्तनात सांगतोस, भक्तराजाला पाप्यांच्या घरी मांस दाखवलं गेलं आणि त्यानं प्राण सोडले. पाप्यांचं नाव घेत नाहीस म्हणे, नुसता गळा भरून येतो. तेवढी मर्यादा पाळलीस त्याबद्दल उपकार मानू का?

परवा गेवराईची जानकीबाई दोन बायकांना घेऊन आली. हातात नारळ आणि उदबत्ती. "भक्तराजांनी देह ठिवला ती जागा दावा." मी गोठा दाखवला. ती आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"आत एक मुंगूस हाय."

"तेच."

"ते तर गेले ना?"

"न्हाई. जेवत्यात."

तिनं माझ्याकडं पाहिलं, गोठ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता हसेल, किंवा तुला शिव्या देईल. तिनं उदबत्ती गोठ्याच्या दाराला लावली, नमस्कार केला आणि गेली. अशी माणसं आहेत म्हणून तुझं चालतं. मी त्यांना हसत नाही. हसायचं ते तुला.

उत्तरेश्वराचं समाधीपर्यंतचं बोलणं मी मजेनं ऐकलं होतं. समाधी बांध, मंदिर बांध, जत्रा भरव, बाळ्याला काही फरक पडत नाही. पण उत्तरेश्वर उठता उठता म्हणाला, "पुन्हा जन्मले ना ते. नवं रूप हाय. लई चपळ. दोरी तोडाया बघतं, रातंदिस दात लावतं. बुवा म्हनत्यात, वैराग्याची ओढ हाय."

मी त्याला विचारलं, खातं काय. तो अभिमानानं म्हणाला, "नुसतं दूधभात. माळ घातल्यापासनं."

सुग्रीव, माझ्या मनात तुझ्याबद्दल आता राग उरलेला नाही. रागाला थोडा मान लागतो. उपरण्याला डाग पडला की तू उपरणं बदलतोस, तसं जनावर बदललंस. त्यात नवल मला वाटायला नको होतं. वैराग्य नव्हे ते. भूक आहे. तुला ती कधी ठाऊकच झाली नाही, कारण लहानपणी तुझ्या ताटातलं संपलं की दुसऱ्यांच्या ताटातलं तुला वाढलं जायचं.

चपळाई पावसाळ्यापर्यंत टिकेल. मग ते दोरी चावायचं सोडेल, आणि तू म्हणशील, आता समाधी लागली. मग ऊन शोधत सरकायला लागेल. मग तू एखाद्या शिष्याच्या हाती टोपली देशील. यंदा टोपलीची वाट पाहत मी बसणार नाही. तुझ्या वहिनीनं आजच दुसरं गोणपाट धुऊन वाळत घातलं आहे. बाळ्याला साखराबाई सांभाळणार आहे, हिरड्या कशा बघायच्या ते तिला दाखवलं. रविवारी गाडी जुंपतो.

मठीतल्या गर्दीतून वाट काढत, शिष्यांसमोर भांडत मी येणार नाही. मला बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. मागच्या दारानं येईन, दोरी सोडीन आणि निघेन. तू आडवा आलास तर मात्र बाळ्याला गाडीत घालून परत येईन आणि पुढच्या काल्याच्या दिवशी तुझ्या चौथऱ्यावर, त्या शेंदरी वस्त्रावर बसवून त्याला जेवू घालीन. आडवा आला नाहीस तर लोकांना सांग, भक्तराज पुन्हा गेले. तुला सवय आहे.

मी पोचेपर्यंत एक कर. त्या नव्याला रोज एक अंडं दे. रामकिसनला सांगू नकोस, तू स्वतः दे. पडदा ओढून दे, दार लावून दे, कोणी पाहणार नाही, तुझी माळ तुझ्या गळ्यातच राहील. टरफल फोडून दे. दोरीनं त्याचे दात झिजले असतील.

शहादेव